पाण्याची चाल

सूर अजून खुंटीला आहे.

शेजारची खुंटी रिकामी. तिच्याखाली भिंतीवर एक लांबट फिकट डाग राहिलाय. वर निमुळता, खाली पसरट. बाकीची भिंत चुलीच्या धुरानं काळवंडली, तेवढी जागा उजळ राहिली. दिवस कलला की दारातून तिरीप आत येते, डागावर चढते, जराशी थांबते, खाली उतरते.

रोज.

मी उंबऱ्यावर बसून बघतो. दिवा लावायची वेळ होते, तरी उठवत नाही.

चाली, तुला मी नुसतं चालच म्हणतो. आबा तुला ‘पाण्याची’ म्हणायचे. माझे चुलते, पण सगळ्या आळीचे आबा. ‘पाण्याची घ्या’ एवढं ते म्हणाले की ताफ्यातल्या सगळ्यांचे खांदे एकदम सैल व्हायचे. सनई, सूर, हलगी, घुमकं. कैताळाला माणूस मिळाला तर पाचवा. तू लेझमीची चाल, पोरांनी नाचावं म्हणून केलेली. आणि तरी तुझ्या मध्यावर कुठंतरी एक अशी जागा होती, की तिथं आल्यावर हलगीवाल्याची काडी आपोआप हलकी पडायची. घरात कुणी निजलेलं असलं की आपण पावलं हलकी टाकतो ना, तशी.

ती जागा कुठं होती?

सनई आणि सूर एकाच कातारानं घडवलेली भावंडं. लाकूड तेच, खालचा पितळी कर्णा तोच, ओठात धरायची ताडाच्या पानाची पत्ती तीच. भोकंसुद्धा दोघांना. फक्त सुराची भोकं मेणानं बुजवून टाकायची, म्हणजे त्याला एकच स्वर उरतो. सनईवाला त्या स्वरावर चढतो, उतरतो, रुसतो, गिरकी घेतो. सूरवाला तिथंच उभा.

तीस वर्षं मी तिथंच उभा होतो.

अकरा वर्षांचा होतो. आबांनी परड्यात नेलं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या दिला आणि पपईच्या देठाची नळी. फुंक म्हणाले. बुडबुडे आले. ‘थांबू देऊ नगंस.’ नाकानं घ्यायचं, गालात साठवायचं, तोंडानं सोडायचं. घेणं कधी झालं आणि सोडणं कधी, हे पाण्याला कळता कामा नये. चार दिवस डोकं गरगरत राहिलं. कानात घूं. जेवताना घास खाली उतरेना, कारण गाल ऐकत नव्हते. मग एका दुपारी बुडबुडे थांबले नाहीत. आबा उसाला पाणी धरून परत आले तरी मी तसाच बसलेला, समोरच्या सावल्या पार गोठ्याला टेकलेल्या. त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि ते पाणी तुळशीला ओतलं.

एवढंच. शाबासकी द्यायची रीत आमच्यात नव्हती.

चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा. छबिना निघायचा तेव्हा रात्र अर्धी झालेली असायची, देवळाच्या पायरीवर पालखी हलायची, डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्यांचा तो सुंसूं करणारा पांढरा उजेड गुलालात मिसळून गुलाबी धुकं व्हायचा, वेशीपाशी पाचटाचा जाळ करून हलगीवाला पान शेकत बसलेला असायचा, काडी मारून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा शेकायचा, आणि अंधारात कुठंतरी पोरांच्या हातातल्या लेझमी एकदम खळ्ळकन वाजल्या की आबा पत्ती ओठात ओली करायचे, माझ्याकडे न बघता भुवई वर उचलायचे, मी सूर धरायचो, आणि त्या एका स्वराच्या जोत्यावर तू पहिलं पाऊल टाकायचीस, मग दुसरं, मग साठ-सत्तर पोरांची पावलं तुझ्यात अशी ओढली जायची, वाकायची, उठायची, मागं सरायची, की पुढं कोण चाललंय, पालखी की पोरं की तू, हे पालखीतल्या देवीलाही सांगता आलं नसतं, आणि पूर्वेला तांबडं फुटेपर्यंत, बत्त्यांचा उजेड पिवळा पडत पडत मावळेपर्यंत, घशात गुलाल आणि कानात तू, तेवढंच गाव उरायचं.

छबिना अजून निघतो.

उजेड पुष्कळ असतो.

तू आमची नव्हतीस. हे मला फार उशिरा कळलं.

तू नदीपलीकडची. भीमेच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड, मधे पात्र. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही काठांवरची वाजंत्री माणसं एकाच कामावर खडी फोडत होती. वाद्यं घरी खुंटीला, हातात हातोडे. दुपारची सुट्टी झाली की सगळे एका बाभळीच्या विरळ सावलीत बसायचे. पारगावच्या बाजूचा एक म्हातारा सनईवाला होता, त्यानं तुला तिथं तोंडानं म्हणून दाखवली. सनई जवळ नव्हतीच. ओठ मिटून, नाकातून, घशातून, जसं जमेल तसं. आबा समोर बसून हातोड्याच्या दांड्यावर बोटं ठेवायचे आणि तुझी भोकं शोधायचे. एक उघड, दोन झाक. सात दुपारी लागल्या म्हणतात. आठव्या दुपारी आबांनी आपल्याकडची एक हळदीची चाल त्याला दिली. तीही तोंडानंच.

वाजवणाऱ्यांत चाल फुकट घेत नसत. विकतही नसत.

पात्रात तेव्हा डबकी तेवढी उरली होती. तुझं नाव तिथंच पडलं असणार. कुणी पाडलं, मी कधी विचारलं नाही.

मला आवडतं हे चित्र डोळ्यांपुढं आणायला: धुळीनं पांढरे झालेले दोन बापे, एकाचे ओठ मिटलेले, दुसऱ्याची बोटं लाकडावर हलताहेत, मधे काहीही वाजत नाही आणि तरी काहीतरी या काठावरून त्या काठावर चाललंय.

तू थांबून राहणारी नव्हतीस. हेही सांगितलं पाहिजे. लोक म्हणतात, जुनी चाल, जशीच्या तशी. मला हसू येतं. जशीच्या तशी काय असतं? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या असायच्या, मग कुस्त्या. हजेरीला फडातले वादक रात्रीच्या जागरणानं सैल बसलेले, ढोलकीवाला शाई चाचपत, तुणतुणंवाला डोळे चोळत. आबा हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसायचे आणि चंची पुढं करायचे. पान, चुना, सुपारीचं खांड. चंची हे निमित्त.

‘काल गवळणीला एक वळण घेतलंत.’

‘कुठलं?’

‘वर जाऊन माघारी येताना.’

‘हां, हे का?’ आणि तो माणूस पान दाढेखाली दाबून, मांडीवर ताल धरून ते वळण गुणगुणायचा. आबा ऐकायचे. दुसऱ्यांदा म्हणा, असं ते कधी म्हणाले नाहीत. घरी येताना एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसायचे, आणि पुढच्या जत्रेत ते वळण तुझ्यात आलेलं असायचं, नव्या सुनेसारखं, जरा अवघडलेलं. तिसऱ्या जत्रेपर्यंत घरचं.

कधी आम्ही न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याला जायचो. तिथल्या कलाकेंद्रांकडं लोक रात्रीचे जातात. आबा भर दुपारी जायचे, ओळखीच्या पेटीवाल्याकडं. दुपारी तिथं वेगळीच शांतता असते. दोरीवर वाळत घातलेली नऊवारी लुगडी, भांडी घासल्याचा आवाज, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले चाळ. संगीतबारीतली बाई बसून गाते आणि भुवईनं नाचते, म्हणजे काय, ते मी तिथं पाहिलं. एक प्रौढ बाई पेटीशेजारी बसून एका पोरीला अदा शिकवत होती. पायात काही नाही, अंगावर जरी नाही. नुसता तळहात उताणा झाला, बोटं मिटली, नजर त्यांच्या मागं गेली आणि उशिरा परत आली. त्या उशिरात आबांना काय सापडलं देव जाणे. परतताना पुलावर थांबले, खाली पाण्याकडं बघत राहिले, आणि त्या चैत्रात तुझ्या दुसऱ्या ओळीनंतर एक थांबा आला. अर्ध्या श्वासाएवढा. त्या अर्ध्या श्वासात पोरांच्या लेझमी हवेत थांबायच्या.

मी सूर सोडायचो नाही. थांब्याच्या खाली मी असायचो.

पाबळवरून जाताना आबा गप्प व्हायचे. तिथं मस्तानीची कबर आहे. १७४० साली ती गेली. दगड आहे, नाव आहे, तिच्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे. ती कुठल्या चालीवर पाऊल उचलायची, ते कुठं आहे? तिच्यामागं बसून कुणीतरी स्वर धरून राहिलं असेल ना. त्या माणसाचा विचार माझ्या मनात येतो. मस्तानीचा तर सगळेच करतात.

शब्दांचं बरं असतं. कवठे यमाईचे बशीर मोमीन कवठेकर २०२१ च्या नोव्हेंबरात गेले. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी लिहिलेली गाणी, वग मागं राहिले. कागद पिवळा पडला तरी अक्षर लागतं. तुला कागद नव्हता. तुला ओठ होते, आणि ते मऊ होते, आणि शेवटी शेवटी पुढचे दात गेल्यावर पत्ती त्यांच्यात ठरेना.

तरी आबा वाजवत होते. स्वर फाटायचे. फाटलेल्या जागेतून उजेड आत यावा तसं काहीतरी यायचं.

आबा गेले तेव्हा घरच्यांनी सनई त्यांच्या छातीवर ठेवली. मी उशाशी उभा होतो. एकदा वाटलं, उचलून घ्यावी. हात पुढं झाला नाही. नदीकाठी धूर सरळ वर गेला, वारा नव्हता, पितळी कर्णा जाळात तांबूस दिसत होता. दुसऱ्या दिवशी राखेत तो सापडला. वाकडा. पाण्यात सोडला.

तेराव्याला कुणीतरी म्हणालं, तू वाजव की आता. तुला पाठ असंल. तीस वर्षं तिच्याखाली होतास.

मीही तसंच समजत होतो.

पाहुणे गेल्यावर परड्यात जाऊन बसलो. डोळे मिटले. तू सुरू होण्याआधीची शांतता आली, अगदी स्पष्ट. लेझमीची पहिली खळखळ आली. माझा सूर आला. आणि पुढं तू यायला हवी होतीस, तिथं काही नव्हतं. कुठं तुझा भार वाढायचा ते मला कळत होतं, कारण तिथं माझे गाल ताणले जायचे. कुठं तू वर जायचीस ते कळत होतं, कारण तिथं आबांची कोपरं वर जायची. थांबा कळत होता. थांब्यानंतरचं ते अंगावर येणं कळत होतं. स्वर एकही नाही. जोत्याला घराचं वजन माहीत असतं. खिडक्या कुठं होत्या, ते नसतं.

परड्यात कोंबड्या दाणे टिपत होत्या. पपईचं झाड कधीच गेलेलं.

मग मी टाकळी हाजीला गेलो. कुकडीच्या पात्रात, मळगंगेच्या देवळापाशी. जत्रेला आम्ही तिथं वाजवायला जायचो तेव्हा आबा मला खडकावर उभं करून खाली दाखवायचे. रांजणखळगे. काळ्या कातळात पाण्यानं कोरलेले रांजण, कुणी कातावर धरून घडवावेत असे गुळगुळीत. पाण्याच्या भोवऱ्यात एखादा गोटा अडकतो, बाहेर पडता येत नाही म्हणून गोल फिरत राहतो, हजारो वर्षं फिरतो, आणि खडकाला आपला आकार देऊन स्वतः झिजून संपतो. ‘तालीम ती हीच,’ आबा म्हणायचे, आणि मी तेव्हा पाण्यात पाय सोडून बसायची घाई करायचो.

त्या दिवशी पाणी खूप खाली होतं. एका रांजणात डोकावलो. तळाशी आभाळाचा वाटीएवढा तुकडा. मी वाकल्यावर तो काळा झाला, बाजूला झाल्यावर पुन्हा उजळला. गोटा नव्हता.

एक उन्हाळा गेला. दोन गेले.

उजनीच्या फुगवट्यात पळसदेवाचं देऊळ बुडालंय. पाणी आटलं की आधी शिखर दिसतं, मग एखाद्या वर्षी सगळं देऊळ उघडं पडतं, खांबांवर वाळलेलं शेवाळ, गाभाऱ्यात शिंपले. तसं तुझं एखादं टोक मला कधी कधी दिसतं. ऊस तोडताना, पाणी धरताना, पहाटे अर्धवट झोपेत. दोन स्वर, कधी तीन. मी हलत नाही. हललो की पाणी चढतं.

शेवटी पलीकडं गेलो. पारगावला. बाभळीखालच्या त्या म्हाताऱ्याचं घर विचारत विचारत सापडलं. नातू शेतात गेला होता. ओसरीवर एक आजी वाती वळत बसल्या होत्या, म्हाताऱ्याची सून. बसा म्हणाल्या. पाणी दिलं. मी पाण्याच्या चालीचं विचारलं. ‘मामंजी लई वाजवायचं,’ म्हणाल्या, ‘पर मला न्हाई बाबा ध्यानात.’ मी उठलो नाही. दुपार टळून गेली होती, कौलांच्या फटीतून उन्हाचे रुपये त्यांच्या पदरावर पडले होते, कापूस हातात फिरत होता. आणि वळता वळता त्या काहीतरी गुणगुणायला लागल्या. आपल्याशीच. माझ्यासाठी नव्हतंच ते.

हळदीची होती.

आमची. आबांनी आठव्या दुपारी दिलेली. आमच्या घरात ती कुणाला येत नाही. लहानपणी कधीतरी लग्नाच्या मांडवात कानावर पडली असेल, तेवढीच. पण माझे गाल आपोआप भरले, नाकानं श्वास घेतला, आणि मी त्या आजींच्या गुणगुणण्याखाली ओठ मिटून सूर धरून बसलो. त्यांना ऐकू गेला की नाही, ठाऊक नाही. एकदा त्यांनी मान वर केली. मग पुढची वात घेतली.

दिलेली इथं होती. घेतलेली कुठंच नव्हती. पुलावरून येताना मला राग यायला हवा होता बहुतेक. नाही आला. नदीवर संध्याकाळ झाली होती, पाण्याचा आणि आभाळाचा रंग एक झाला होता.

ही गोष्ट परवाच्या रात्रीची. वीज गेलेली. गाव निजलं होतं. नदीपलीकडून, केडगाव-दौंडकडून, मालगाडीचा भोंगा आला. लांबलचक, एकच स्वर. तो इतका वेळ टिकला की मला वाटलं कुणीतरी धरून बसलंय, कुणाच्या तरी खाली. मी वाट पाहिली. वर काहीच आलं नाही. भोंगा विरला. त्यानंतरची शांतता आधीच्यापेक्षा खोल होती.

उठलो. सूर काढला. पुसला. पत्ती वाळून कडक झाली होती, ती ओठात बराच वेळ ओली करत बसलो. कंदील लावला नाही. चांदणं ओसरीपर्यंत आलं होतं. बोटं लाकडावरून फिरवली. मेणाचे ते बुजवलेले ठिपके हाताला लागले. आबांच्या हातचे. अंगठ्याच्या दाबाची खूण अजून एकावर होती, बारीक रेघांसकट.

ती सोडून दुसऱ्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. ऊब दिली. मेण मऊ व्हायला वेळ लागला. मग बाभळीच्या काट्यानं हळूहळू उकरलं, तुकडा तुकडा, आणि आतून काळं, गोल, इवलंसं भोक उघडं झालं.

बोट ठेवून फुंकलं. आपला ओळखीचा स्वर.

बोट उचललं.

दुसरा.

कुत्रं भुंकलं नाही, कुणी उठलं नाही. मी पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा उचललं. पहिला, दुसरा. पहिला, दुसरा. तू यातली आहेस की नाहीस, दोन स्वरांवरून मला सांगता येईना. उरलेल्या ठिपक्यांकडं पाहिलं. चांदण्यात ते डोळे मिटल्यासारखे दिसत होते.

काढलेलं मेण तळहातावर घेऊन मळलं, परत भोकावर बसवलं, कडा नीट दाबल्या. सूर खुंटीला लावला. नखात थोडं मेण राहिलं होतं. त्याला अजून वास होता.